सल्लागारांची भिंत

हैदराबादच्या पाहुण्यांना आणणारी बैलगाडी अजून पूर्णा स्टेशनाच्या वाटेवर होती, आणि इकडे ताडकळसात भीमाशंकर आरशासमोर उभे राहून तिसऱ्यांदा फेटा बांधत होते.

"सल्लागारानं फेटा कसा बांधावा, ते काही विरुपाक्षानं सांगितलं न्हाई," ते म्हणाले.

"न विचारता सल्ला द्यायची जन्माची सवय तुमाला," त्यांच्या पत्नी शिवम्मा चौकटीत उभ्या राहून हसल्या. "आज पहिल्यांदा कुणी विचारायलाय, तर हात थरथरायलेत व्हय?"

"हात न्हाई थरथरत. कापड घसरायलंय."

"दुकान तुमचंच कापडाचं. आता कुणाला बोलायचं?"

भीमाशंकर फेटा तसाच डोक्यावर दाबून अंगणात आले आणि भिंतीकडे बघत उभे राहिले.

भिंत नवी होती. माती पुरती वाळलेली नव्हती, वरचा चुना मात्र पांढराशुभ्र होता. तीन वर्षांपूर्वी भीमाशंकर आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवलिंग यांनी दुकान वाटून घेतलं, कापड थोरल्याला आणि किराणा धाकट्याला. त्याच रागात दोघांनीही समोरासमोरच्या घरांच्या मधलं अंगण भिंत घालून तोडायचं ठरवून दगड आणून टाकले. पण पहिला दगड जो रचील त्यानं अंगण तोडलं असं सगळं गाव म्हणणार, म्हणून दोघेही थांबले. दोन्ही दारांपुढं दगडांचे दोन ढीग तीन वर्षं पडून होते. त्यावर सांडगे वाळत, मांजर पिलं घालत असे, आणि शिवलिंगांची दहा वर्षांची नीलम्मा त्यावर बसून पाढे म्हणत असे.

मग दिवाळीला विरुपाक्ष आला. भीमाशंकरांचा हा थोरला मुलगा हैदराबादेत मास्तर होता. शाळा सुटली की तो एका नवाबाच्या देवडीत, म्हणजे वाड्यातल्या खेळाच्या कोर्टात, गरिबांच्या मुलांना स्क्वॉश शिकवायचा, फुकट. खेळ फार साधा आहे. जाळीची रॅकेट घ्यायची, लहानसा रबरी चेंडू भिंतीवर मारायचा, तो परत आला की दुसऱ्यानं मारायचा. भिंत कुणाच्याच बाजूची नसते. ती आलेलं परत देते, एवढंच तिचं काम. टांगेवाल्यांची, माळ्यांची, धोब्यांची मुलं तासभर खेळत, आणि घामेजून बसली की विरुपाक्ष त्यांच्यापुढं पाटी ठेवायचा. दमलेलं मूल अक्षर लवकर शिकतं, असा त्याचा अनुभव होता.

या कामाला शहरातले चार मोठे लोक सल्लागार होते. पण उन्हाळ्यात एका मुलाचा चेंडू कोर्टाबाहेर उडाला आणि देवडीतली दिव्याची मोठी काचेची हंडी फुटली. नवाबसाहेबांनी सल्लागारांना बोलावणं पाठवलं, तर एकाला ताप होता, एक गावाला गेला होता, आणि उरलेले दोघे घरात असूनही घरात नव्हते. नवाबसाहेब म्हणाले, "मुलांच्या मागं उभी राहणारी माणसं दाखवा. नाही तर त्या कोर्टात माझी मोटार उभी राहील."

हे विरुपाक्षानं सांगितलं ते मन मोकळं करायला. पण त्याचं बोलणं संपायच्या आत वडील आणि काका एकाच सुरात म्हणाले, "आमी होतो की सल्लागार!"

तीन वर्षांत दोघं एका सुरात काही बोलले नव्हते. दोघांनीही लगेच तोंडं फिरवली. शेजारचे जमीनदार आबासाहेब तिथंच पान लावत होते. ते म्हणाले, "मलाबी घ्या. ह्या दोघांचं एकमत कधी व्हायचं न्हाई, तिसरा लागलच."

आणि नवाबसाहेबांचे मुन्शी दस्तगीरसाहेब सल्लागारांना बघायला येणार, सोबत मुलंही येणार, म्हटल्यावर खेळ दाखवायला भिंत हवीच होती. दोन ढिगांची एक भिंत झाली. पहिला दगड गेल्या महिन्यात सुट्टीत आलेल्या विरुपाक्षानं ठेवला, त्यामुळे कुणाचंच नाव झालं नाही. "पोरं गेली की पाडायची," भीमाशंकर चारचौघांत म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी," शिवलिंग म्हणाले.

भीमाशंकरांनी आता भिंतीच्या मधोमध हात फिरवला. एका जागी हात जरा जास्त वेळ थांबला. मागं पाऊल वाजलं तसा त्यांनी तो पटकन काढला.

"काय बघायलाव, अण्णा?" शिवलिंग विचारत होते.

"चुना."

"मग बघा," शिवलिंग म्हणाले, आणि ते का कुणास ठाऊक, घाईनं आपल्या बाजूला निघून गेले.

*

भिंतीच्या पलीकडं शिवलिंगांच्या अंगणात चन्नबसम्मा स्वयंपाकाला बसल्या होत्या. पुरणाला त्यांचाच हात लागतो, हे थोरल्या जाऊबाईही मान्य करत, म्हणून खेळ थोरल्यांच्या बाजूला आणि चूल धाकट्यांच्या बाजूला असं ठरलं होतं. खेळाच्या बाजूची जमीनही सपाट होती. नवऱ्यांचं बोलणं बंद होतं त्या तीन वर्षांतही ह्या दोन जावांचं लोणचं, ताक, बातम्या असं सगळं अंगणातून चालू होतं. भिंत झाल्यापासून मात्र प्रत्येक वाटीला वळसा पडत होता.

"अक्का, पातेलं कुठं ठेवू?" त्यांनी हाक मारली.

"भिंतीशी ठेव, सावलीला," शिवम्मांचा आवाज भिंतीवरून आला. "आमटी निवू दे. पोरांची तोंडं भाजतील."

चन्नबसम्मांनी कटाच्या आमटीचं भलं मोठं पातेलं भिंतीला लावून ठेवलं. त्याच्या बरोबर वर भिंतीत एक कोनाडा होता, आणि त्यात पितळी दिवा तेवत होता. हा कोनाडा नवऱ्यानं गुपचूप काढून घेतलाय हे त्यांना माहीत होतं. का, ते विचारल्यावर शिवलिंग एवढंच म्हणाले होते, "अण्णाला कळू देऊ नको. हसंल तो."

भिंतीशीच पाटावर आबासाहेब बसले होते. चेंडू भिंतीवरून आला तर तो अडवायचा, एवढं काम विरुपाक्षानं त्यांच्याकडं दिलं होतं. आबासाहेबांनी तरुणपणी कुस्त्या मारल्या होत्या. त्यांचा देह भिंतीच्या कामाला चांगला होता.

"वहिनी, पुरणात जायफळ पडलंय का?"

"पडलंय."

"बघावं लागंल. सल्लागार हाय मी."

"तुमी चेंडूचे सल्लागार, भाऊजी. पुरणाचे न्हाई."

"पोरांनी काय खावं हे सल्ल्यात बसतं," आबासाहेब म्हणाले आणि द्रोण पुढं केला. चन्नबसम्मांनी डाव भरून पुरण वाढलं. नीलम्मा धावत आली. तिच्या वेण्या सुटल्या होत्या.

"आई, आले! गाडी आली! मुन्शींची दाढी मेंदीची हाय, आन् तीन पोरं हायेत, आन् त्यातल्या एकानं रॅकेट छातीशी धरलीय, बाळासारखी!"

*

दस्तगीर मुन्शींना बाजेवर बसवलं. गूळपाणी झालं. गावातली निम्मी माणसं कुंपणाशी जमली होती, आणि भिंत बांधणारा मुंजाजी गवंडी आपलं काम बघायला सगळ्यांच्या पुढं उकिडवा बसला होता. मुन्शी बारीक अंगाचे, शेरवानीची सगळी बटणं लावलेले. त्यांनी काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी धरली आणि समोर बसलेल्या दोघा भावांकडं नीट बघितलं. आबासाहेब भिंतीपलीकडून ऐकत होते आणि मधूनमधून बोलतही होते.

"पहिला सवाल," मुन्शी म्हणाले. "आप लोगां कू ये खेल आता?"

"न्हाई," भीमाशंकर म्हणाले.

"अजिबात न्हाई," शिवलिंग म्हणाले.

"मी कुस्ती खेळायचो!" भिंतीपलीकडून आवाज आला.

"कुश्ती में दीवार कहाँ होती, मियाँ?"

"माझा जोडीदार भिंतीवानीच होता!"

कुंपणाशी हशा पिकला. मुन्शींच्या मेंदीच्या दाढीत काही हललं, पण चेहरा तसाच राहिला. "खेल नै आता, तो बच्चों कू सल्ला काय का देते?"

भीमाशंकरांनी घसा साफ केला. यासाठी ते आठवडाभर तयारी करत होते. "पोरानं खेळायच्या आधी पोटभर खावं."

"आधी न्हाई," शिवलिंग म्हणाले. "भरल्या पोटी पळालं की कूस धरती. नंतर खावं."

"उपाशी पोर पळंल कसं?"

"बैल औताला जुंपायच्या आधी तुमी त्याला भरपेट पेंड घालता का?"

"पोर आन् बैल एक झालं व्हय? मुन्शीसाहेब, ह्याला लहानपणी मीच भरवलंय. आधी खाऊनच हा पळायचा."

"आन् कूस धरायची! तवापासूनच कळलंय मला!"

विरुपाक्ष दोघांच्या मागं उभा होता. चार महिने मुन्शींना विनवून तो इथवर घेऊन आला होता. मुलांचं कोर्ट राहणार की जाणार, हे आज ह्या माणसाच्या मनावर होतं, आणि त्याच्यापुढं वडील आणि काका पेंड काढून बसले होते. त्यानं मुलांकडं बघितलं. टांगेवाल्याचा लिंबाजी हसू दाबत होता. धोब्याचा मौला जिभेनं ओठ चाटत होता, कारण पुरणाचा वास तिथवर येत होता. आणि सगळ्यांत धाकटा, माळ्याचा नातू यादय्या, रॅकेट छातीशी धरून जमिनीकडं बघत उभा होता.

हंडी यादय्याच्याच चेंडूनं फुटली होती. त्याला कुणी मारलं नाही, पण त्या दिवसापासून त्याचा हात बदलला होता. चांगला जोरदार मारणारा मुलगा आता चेंडूला नुसता धक्का देई. तो भिंतीला लागला की आवाजही होत नसे. विरुपाक्षानं त्याला परोपरीनं समजावलं. ते ऐकून तो मान हलवायचा आणि पुन्हा हळूच मारायचा. कोर्ट गेलं तर ते आपल्यामुळं गेलं, हे त्या मुलाच्या मनात पक्कं बसलं होतं.

"बस हुआ," मुन्शी काठी आपटून म्हणाले. "खेल दिखाओ."

*

लिंबाजी आणि मौला खेळले तेव्हा ताडकळसानं असं काही पहिल्यांदाच बघितलं. चेंडू भिंतीवर टप्प, जमिनीवर टप्प, पुन्हा भिंतीवर. मुलं मांजरासारखी वळत होती. कुंपणावरच्या माणसांच्या माना एकदम डावीकडं, एकदम उजवीकडं जाऊ लागल्या. धुरपताबाई नावाची म्हातारी दर टप्प्याला "अगं बाई" म्हणत होती, आणि चेंडू इतका भराभर फिरत होता की थोड्या वेळानं तिच्या तोंडून नुसतंच "बाई, बाई, बाई" येऊ लागलं.

भीमाशंकरांचा फेटा कधी सुटला ते त्यांना कळलं नाही. शिवलिंग उभे राहिले होते. दोघंही नकळत एकमेकांजवळ सरकले होते.

"बघ बघ, कसं उलट्या हातानं घेतलं!"

"मनगट बघा, अण्णा, मनगट!"

मग यादय्याची पाळी आली. समोर लिंबाजी. यादय्यानं चेंडू घेतला आणि हळूच ढकलला. चेंडू भिंतीपर्यंत कसाबसा पोचला आणि तिथंच पायाशी मेल्यासारखा पडला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. कुंपणाशी कुजबुज झाली. मुन्शींनी खिशातून घड्याळ काढलं.

शिवलिंगांना राहवलं नाही. खेळाचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मुलाचं मात्र कळत होतं. ते यादय्यापाशी जाऊन उकिडवे बसले.

"काय रे बाळा, हात दुखायलाय?"

यादय्यानं मान हलवली. "नै."

"मग जोरानं का मारंना गेलास?"

"टूटता," यादय्या पुटपुटला.

"काय तुटतं?"

विरुपाक्षानं मागून दोन शब्दांत सांगितलं. शिवलिंगांनी ऐकलं, आणि मग ते मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आरं, हितं कुठं हंडी हाय? दगडमातीची भिंत हाय ती. आमची हाय. मार बिनधास्त!"

"मार रे पोरा!" भीमाशंकरही ओरडले. "दीड हात जाड हाय!"

यादय्यानं एकदा ह्यांच्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. मग रॅकेट मागं नेली. विरुपाक्षाला ती हालचाल ओळखीची वाटली. उन्हाळ्यानंतर ती त्यानं पहिल्यांदाच बघितली, आणि तो आनंदानं एक पाऊल पुढं सरकला.

चेंडू सुसाटत गेला. भिंतीच्या मधोमध बसला. पण टप्प आवाज आला नाही. फस्स असा आवाज आला. चुन्याचा एक मोठा तुकडा आत गेला, आणि त्याच्यामागं चेंडूही आत गेला.

पलीकडून आधी खणकन काहीतरी पडलं. मग मोठ्ठा डुबुक असा आवाज झाला. मग आबासाहेबांची आरोळी आली, तालमीत ऐकू यायची तसली.

पांढऱ्याशुभ्र भिंतीत आता एक भोक होतं. त्यातून पलीकडचं आभाळ आणि चुलीचा धूर दिसत होता. मग त्या भोकात नीलम्माचं तोंड आलं. तिच्या हातात चेंडू होता आणि त्यातून आमटी ठिबकत होती.

"कुणाचा हाय?" तिनं विचारलं.

यादय्यानं रॅकेट खाली टाकली आणि तो थेट बैलगाडीखाली जाऊन बसला.

*

मुन्शी उठले. काठी टेकत भिंतीपाशी गेले. भोकातून आत डोकावले. मग वळून त्यांनी एकच प्रश्न विचारला, त्यासाठीच ते एवढ्या लांब आले होते. "ये किस की गलती?"

गाडीखालून यादय्याचं डोकं बाहेर आलं. तो तोंड उघडणार एवढ्यात शिवलिंग पुढं झाले.

"माझी. मी त्याला जोरानं मार म्हणलो."

"ह्याची कशाची?" भीमाशंकर त्यांना बाजूला सारत म्हणाले. "चूक माझी हाय, मुन्शीसाहेब. मी ह्या भिंतीत गुपचूप कोनाडा काढला. आन् विरुपाक्ष म्हणला खेळाची भिंत सपाट पायजे, म्हणून वरून पातळ लिंपून घेतला. पोरं गेली की फोडणार होतो."

"कोनाडा?" शिवलिंग वळले. "कोनाडा तर मी काढलाय. माझ्या बाजूनं."

"तुझ्या बाजूनं? कुठं?"

"मधोमध. बाईमाणसाचा हात पुरंल असा."

"माझाबी मधोमध. हात पुरंल असा."

दोघांनी भोकाकडं बघितलं. मग दोघांनी एकदम मान फिरवली. "मुंजाजी!"

मुंजाजी जागचा हलला नाही. त्याला काही लपवायचं नव्हतं. "मालक, तुमी म्हणले, धाकल्याला सांगू नको. मी सांगितलं न्हाई. तुमी म्हणले, थोरल्याला सांगू नको. तुमचंबी ऐकलं. शब्द म्हणजे शब्द."

"आरं, पण भिंत एक हाय ना!"

"म्हणून तर मधी मातीचा पापुद्रा ठेवला," मुंजाजी म्हणाला. "लिंपलं बी नीट. दोन पावसाळं निघालं असतं. आता एवढ्या जोरानं पोर मारंल हे मला कोण सांगाया आलतं?"

भिंतीच्या कडेनं वळसा घालून आबासाहेब आले. डोक्यापासून धोतरापर्यंत कटाची आमटी, मिशीवर कढीपत्त्याचं पान, एका हातात आमटीत पडलेला पितळी दिवा आणि दुसऱ्या हातात अजून पुरणाचा द्रोण.

"हे दोघं खोटं बोलायलेत," ते म्हणाले. "चेंडू अडवायचं काम माझं होतं. अडवला न्हाई. चूक माझी."

"आप क्या करते बैठे थे?"

"सल्ला द्यायच्या आधी चव बघायलोतो."

भोकातून चन्नबसम्मांचा डोक्यावरचा पदर दिसला. त्या परक्या पाहुण्यांसमोर कधी बोलत नसत. आता मात्र पदराआडून आवाज आला, "पातेलं तिथं मी ठेवलं. न्हाई तर काहीच झालं नसतं."

"तिला तिथं ठेव म्हणून मी सांगितलं!" शिवम्मा दारातून ओरडल्या. "तिला काही बोलायचं न्हाई कुणी!"

"मी चेंडू धुतला न्हाई," नीलम्मा म्हणाली. मागं राहू नये, म्हणून.

मुन्शींनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी कुणाला कळेना की काय झालं. मग त्यांच्या तोंडातून जे हसू फुटलं ते त्या बारीक अंगात मावेल असं नव्हतं. ते बाजेवर बसले, आबासाहेबांकडं बघून पुन्हा सुरू झाले. शेरवानीचं वरचं बटण त्यांना सोडावं लागलं. मुन्शी हसतात म्हटल्यावर लिंबाजी हसला, मौला हसला, कुंपण हसायला लागलं. धुरपताबाईंना तर लोकांनी धरून खाली बसवलं.

"हैदराबाद में," मुन्शी डोळे पुसत म्हणाले, "चार बड़े लोगां थे. एक हंडी टूटी, तो चारों के चारों गायब. मैं दरवाजे-दरवाजे फिरा. और यहाँ," पुन्हा हसू आलं, ते त्यांनी कसंतरी आवरलं, "यहाँ एक दीवार टूटी, तो गलती लेने कू लाइन लगी! अब नवाबसाब कू मैं काय बोलूँ? सल्लागार मिले बोलूँ, के पूरा खानदान मिला बोलूँ?"

"म्हणजे?" विरुपाक्षाचा आवाज चिरकला. "मुन्शीसाहेब, कोर्ट?"

"मोटर बाहर ठैरेगी. नवाबसाब मेरी बात नै टालते," मुन्शी म्हणाले. "कोर्ट बच्चों का."

लिंबाजीनं रॅकेट आभाळात फेकली. मौलानं आबासाहेबांना मिठी मारली आणि लगेच आपला हात चाटून बघितला. विरुपाक्ष मात्र बैलगाडीखाली वाकला होता. यादय्या चाकाच्या आऱ्यांतून बाहेर बघत होता.

"ऐकलंस का?"

"मेरे कू गाली नै देते?"

"तुला? अरे, तुझ्यापर्यंत चूक पोचलीच नाही. मधल्या मधेच लोकांनी घेऊन टाकली."

यादय्या चाकाच्या बाजूनं बाहेर आला.

*

पंगत बसायची होती. आमटी गेली होती, पण पुरणपोळ्या होत्या, तूप होतं, दूध होतं. सगळे घरात वळले, तरी दोघे भाऊ भिंतीपाशीच रेंगाळले. एक अलीकडं, एक पलीकडं. भोकातून दोघांना एकमेकांची अर्धी अर्धी तोंडं दिसत होती.

"कोनाडा कशाला काढलास?" भीमाशंकरांनी विचारलं.

"तुमी कशाला काढला?"

"मी आधी विचारलंय."

शिवलिंगांनी भोकाच्या कडेची माती नखानं खरवडली. "नुसती भिंत असली की ती भांडणाची वाटायला लागती, अण्णा. दिवा ठेवला की घराची वाटती. ती पाडायची झाली तर पाडू, पण उभी हाय तवर तरी तिला भांडणाची म्हणू नये कुणी."

भीमाशंकर आपल्या बाजूची माती झटकत म्हणाले, "मीबी त्याचसाठी काढला. मला वाटलं, तू हसशील."

"मलाबी तसंच वाटलं."

आणि आता दोघंही हसले. तेवढ्यात त्यांच्या दोन तोंडांच्या मधून एक हात गेला. त्यात लोणच्याची वाटी होती.

"सरका बाजूला," चन्नबसम्मा पदराआडून म्हणाल्या. "अक्का, घ्या! आता वळसा न्हाई."

"थांब, त्यातूनच तुपाची वाटी परत पाठवते!" पलीकडून शिवम्मा म्हणाल्या. मुंजाजी भोक बुजवायला थापी घेऊन आला होता, त्याला दोन्ही बाजूंनी दोन्ही बायकांनी एकदम हाकलून दिलं.

मुन्शींनी हात धुतले, पण पाटावर बसायच्या आधी ते म्हणाले, "एक शर्त है. सल्ला देनेवालों कू मालूम होना, किस चीज का सल्ला देते. आप दोनों एक दफा खेलो. बाद में खाना."

"आमी?" भीमाशंकर म्हणाले. "ह्या वयात?"

"खाली पेट," शिवलिंग म्हणाले, आणि आज पहिल्यांदाच हा वाद त्यांनी जिंकला.

भोकाच्या बाजूला भिंतीचा पुष्कळ भाग शाबूत होता. शिवलिंग वळसा घालून आले. दोघांनी धोतरं खोचली. लिंबाजीनं एकाच्या हातात रॅकेट दिली, मौलानं दुसऱ्याच्या. भीमाशंकरांनी ती आधी पळीसारखी धरली, मग पंख्यासारखी. पहिला चेंडू त्यांनी मारला तेव्हा चेंडू एकीकडं राहिला आणि ते स्वतःभोवती एक फेरी घेऊन थांबले. कुंपणावरचं गाव परत आलं. पंगतीतली माणसं द्रोण हातात घेऊन परत आली.

यादय्या पुढं झाला. त्यानं भीमाशंकरांचं मनगट धरून नीट वळवलं. मग त्यांच्या गुडघ्यावर एक चापट मारली.

"अप्पा, घुटना मोड़ो. सीधे खड़े हुए तो गेंद कैसे मिलती?"

भीमाशंकरांनी गुडघा वाकवला.

"और दीवार कू नक्को देखो. दीवार कहीं नै जाती. गेंद कू देखो."

"हो," भीमाशंकर म्हणाले.

"तुम बी," यादय्या शिवलिंगांकडं वळून म्हणाला. "इनका गेंद आया तो घबराना नै. आने देना. फिर वापस देना."

"हो, मास्तर," शिवलिंग म्हणाले.

भीमाशंकरांनी मारला. चेंडू वेडावाकडा भिंतीला लागून परत आला. शिवलिंग धावले, धोतराचा सोगा सुटला, पण रॅकेट चेंडूला लागली. पुन्हा भिंत. भीमाशंकरांनी गुडघा वाकवून तो घेतला, पुन्हा भिंत, पुन्हा शिवलिंग. दोघांनाही धाप लागली होती. यादय्या दोघांच्या मधे उभा राहून दोन्हीकडं सूचना देत होता, "आने दो! अब! आने दो! अब!" आणि कुंपणावरचं सगळं गाव त्याच्याबरोबर तालात ओरडत होतं.

"अवं, पोळ्या गार व्हायल्यात!" शिवम्मांनी दारातून हाक मारली. "मुन्शीसाहेब ताटावर बसलेत! यायलाव का न्हाई?"

भीमाशंकरांनी मान वळवली नाही. डोळे चेंडूवर होते, गुडघा वाकलेला होता, आणि तोंडभर हसू होतं.

"थांब जरा!" ते ओरडले. "सल्ला चाललाय!"